बोट लागते

मराठीत गाडी सुटते, बस चुकते, विमान उडतं. बोट मात्र लागते. आणि ती एकदा नव्हे, दोनदा लागते. एकदा धक्क्याला लागते आणि एकदा पोटाला लागते. धक्क्याला लागली की प्रवास संपतो; पोटाला लागली की तो कधी संपणारच नाही असं वाटू लागतं. फोंड्याच्या घाटात एस.टी.सुद्धा लागते हे मला ठाऊक आहे, पण तो मान तिला वारसाहक्कानं मिळाला असावा असं माझं मत आहे. मूळ हक्कदार बोटच.

आता बोटीबद्दल बोलण्याचा माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. मी बोरिवलीला राहतो. बोरिवलीकराचा समुद्रप्रवास म्हणजे गोराईची फेरी. एस्सेलवर्ल्ड चालू होतं तेव्हा पोरांना घेऊन आणि हल्ली पाहुण्यांना पॅगोडा दाखवायला आम्ही ती खाडी ओलांडतो. अंधेरीकरांना वर्सोवा-मढ आहे, मालाडवाल्यांना मार्वे-मनोरी आहे. घाटकोपर-मुलुंडच्या मंडळींना तेवढंही सुख नाही. त्यांना समुद्र पाहायचा तर आधी रेल्वेचा पूल ओलांडावा लागतो. तात्पर्य, उपनगरातला माणूस हा मुंबई बेटाच्या बाहेर राहून खुष्कीवर जगणारा प्राणी आहे.

पण याच उपनगरांत, घाटकोपरला पंतनगरात, आमची आत्या राहते. वय वर्षं ८१. माहेर देवगड. लग्न होऊन मुंबईला आली ती बोटीनं, आणि पुढं पंचवीसएक वर्षं दर मे महिन्यात पोरंबाळं घेऊन माहेरी गेली तीही बोटीनं. तिच्या डोळ्यांसमोर बोटींच्या तीन पिढ्या गेल्या. आमच्या घराण्यातलं नाविक दल म्हणजे ही एकटी आत्या. मी जे काही सांगणार आहे त्यातलं अर्धं छापील आहे आणि अर्धं आत्याचं. छापील भागात काही शंका असेल तर ती मी आत्याला विचारतो. उलटं करण्याची माझी छाती नाही.

पूर्वी कोकणातून मुंबईला यायचं तर शिडाची गलबतं होती. वाऱ्याची मर्जी असली तर चार दिवस, नसली तर देवाची मर्जी. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या. बोटीला आधी 'आग' का लावली, तर तिच्या पोटात कोळसा जळायचा म्हणून. शेफर्ड कंपनीच्या, म्हणजे पुढच्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी या किनाऱ्यावर धावू लागल्या. मग स्वदेशीचं वारं सुटलं आणि 'इंडियन को-ऑपरेटिव्ह' नावाची देशी कंपनी निघाली. लोक तिला प्रेमानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींची नावं 'तुकाराम', 'रामदास' अशी संतांची. कंपनीचा विचार दूरचा असावा. बोटीत बसल्यावर माणूस देवाचं नाव घेणारच आहे, तर निदान तिकिटावर संतांचं असू द्यावं!

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला आठवतात त्या 'रोहिदास', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती'. साठीच्या दशकात गोव्याच्या चौगुले कंपनीनं हा कारभार पाहिला. पुढं तो मोगल लाईन या सरकारी कंपनीकडं गेला. ही मोगल लाईन मूळची हज यात्रेकरूंना नेणारी. आत्याचे यजमान इतिहासाचे मास्तर होते. ते म्हणायचे, "औरंगजेबाच्या हातून जे झालं नाही ते या लोकांनी केलं. मोगल विजयदुर्गाला येतात, नांगर टाकतात आणि मराठे पैसे मोजून त्यांच्यात सामील होतात!"

बोट सुटायची ती भाऊच्या धक्क्यावरून. एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला हा धक्का. पुढं जागा बदलली, सिमेंट आलं, इंग्रजीत फेरी व्हार्फ झालं, पण कोकणी माणसानं भाऊला सोडलं नाही. अखेरच्या काळात सकाळी दहाच्या सुमारास सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला पोचायची. बावीसएक तासांचा प्रवास. वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं. पावसाळ्यात सगळं बंद. जूनमध्ये कोकण मुंबईपासून जे तुटायचं ते नारळी पौर्णिमेनंतर कधीतरी पुन्हा जोडलं जायचं.

बोटीत वर्ग तीन. लोअर डेक, अप्पर डेक आणि केबिन. लोअर डेकवर इंजिनाची धग आणि सुक्या मासळीचा वास. अप्पर डेकवर वारा. केबिनीत काय असतं ते आत्यानं कधी पाहिलं नाही. मी तिला एकदा विचारलं, "आत्या, एकदा तरी केबिनीतून का गेली नाहीस गं?" तर ती म्हणाली, "झिला, थंय वारो खंय?" पैशाचा प्रश्न असा वाऱ्यावर सोडून देण्याची कला त्या पिढीकडं होती.

डेकवर जागेला नंबर नसायचा. जो सतरंजी टाकील त्याची जागा. त्यासाठी हमाल असायचे. दार उघडलं की सतरंज्या काखोटीला मारून ते जे धावत, ते पाहून आत्याला तिच्या भाषेत 'पानपतची लढाय' आठवायची. पण नुसती जागा मिळून भागत नसे. ती कुठं मिळाली याला महत्त्व. आत्याचे नियम पक्के होते. बोटीच्या नाकाशी बसायचं नाही आणि शेपटाशीही नाही. दोन्हीकडं झोके जास्त. बरोबर मध्यावर बसायचं. इंजिनाच्या भिंतीला टेकायचं नाही. संडासाच्या वाऱ्याच्या दिशेला बसायचं नाही. जीवरक्षक होडीखाली बसायचं नाही, कारण तिथं पुरुष विड्या ओढायला जमतात. आणि निघाल्याबरोबर पोटभर जेवायचं नाही, पण उपाशीही राहायचं नाही. लिंबू जवळ ठेवायचं, आवळकाठी चघळायची आणि नजर लांब क्षितिजावर लावायची. "नजर खाली घातलंस काय बोट लागली." आज डॉक्टर हेच सांगतात आणि क्रूझ कंपन्या तर मधल्या केबिनींचे जादा पैसे लावतात. आत्याला ही जागा एक सतरंजी आणि हमालाचे आठ आणे एवढ्यावर मिळत असे.

सतरंजी पसरली की घर झालं. ट्रंका रचल्या की भिंती झाल्या. मग शेजार सुरू व्हायचा. "तुम्ही खंयचे?" या प्रश्नानं सुरुवात होऊन जयगडचा दीप दिसेपर्यंत गाव, वाडी, कुलदैवत, मुलीची पत्रिका आणि मुलाची नोकरी इथपर्यंत मजल जायची. एकाची चटणी दुसऱ्याच्या भाकरीवर, तिसऱ्याचं पोर चौथीच्या मांडीवर. रात्री कुणी भजन काढायचं, कुणी पत्ते. आत्याच्या धाकट्या जावेचं लग्न रत्नागिरी ते विजयदुर्ग या अंतरात ठरलं. वेळ कमी होता, कारण मुलाकडची मंडळी विजयदुर्गाला उतरणार होती!

उतरणं हाही एक सोहळा. बहुतेक बंदरांत बोट धक्क्यापर्यंत जात नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. देवगडला बोट पोचायची ती ऐन मध्यरात्री. काळोख, कंदिलाचा उजेड, खाली वरखाली होणारा पडाव आणि "उडी टाक, उडी टाक!" म्हणून ओरडणारे खलाशी. लाट वर आली की पाऊल टाकायचं. उशीर झाला तर पुढच्या लाटेपर्यंत थांबायचं. मध्येच टाकलं तर विचारायची सोय नाही. पोरं तर पार्सलासारखी हातोहात खाली जायची. परतीच्या प्रवासात त्याच मार्गानं हापूसच्या पेट्या वर यायच्या. त्या मात्र पोरांपेक्षा जपून. "पोर रडता, आंबो रडना नाय," असं आत्याचं स्पष्टीकरण.

आणि केबिन? मराठी माणसाचा केबिनीशी संबंध आला तो मोठ्या, परदेशी जाणाऱ्या बोटींत, आणि तो फारसा सुखाचा दिसत नाही. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला निघाल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने, आणि बरोबर आपलं म्हणावं असं एकही माणूस नाही. दुसरे सावरकर. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात 'मोरिया' बोटीच्या शौचकूपाच्या गोल खिडकीतून त्यांनी समुद्रात उडी घेतली. तेव्हापासून बोटीची गोल खिडकी दिसली की मराठी माणूस मनातल्या मनात तिचं माप घेतो आणि स्वतःचंही घेतो. बँकेतल्या पंचवीस वर्षांच्या बैठ्या नोकरीनं इतिहासाचा हा मार्ग मला कायमचा बंद करून टाकला आहे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, काय मजेचे दिवस होते! मलाही वाटायचं. आत्याच्या घरी बोटीच्या गोष्टी निघाल्या की आम्ही सगळे हसत बसायचो. पण त्या गोष्टींत एक तारीख आली की आत्या उठून चहा ठेवायला जायची.

१७ जुलै १९४७. गुरुवार. आषाढी अमावास्या, लोक जिला गटारी म्हणतात ती. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. ही कोकणची लांब पल्ल्याची बोट नव्हे. दीड-दोन तासांचा पलीकडच्या काठाचा प्रवास. सण म्हणून गर्दी. मुंबईत नोकरी करणारे घरी निघालेले, कोळणी, व्यापारी, बायकापोरं. भर समुद्रात वादळी लाटा आल्या, बोट कलली, घाबरलेली माणसं एका अंगाला धावली, आणि काशाच्या खडकाजवळ बोट उलटली. धक्का सोडून जेमतेम अर्धा-पाऊण तास झाला होता. बोटीवर वायरलेस नव्हता. इकडं मुंबईत कचेऱ्या भरल्या, बाजार उघडले, आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाल्याचा कित्येक तास कुणाला पत्ताच नव्हता. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत जमेल तेवढ्यांना ओढून घेतलं. जी वाचली त्यातली पुष्कळ त्यांनी वाचवली.

मी कॉमर्सचा पदवीधर. बुडालेल्यांचा आकडा एका ठिकाणी वाचला, दुसऱ्या ठिकाणी वाचला, तिसऱ्या ठिकाणी वाचला, तिन्ही वेगळे. कुठं सव्वासहाशे, कुठं जवळजवळ सातशे. आमच्या बँकेत संध्याकाळी कॅशमध्ये पाच रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. सापडलाच नाही तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात आणि ती तिथून निघेपर्यंत मॅनेजरला झोप नसते. इथं पन्नास-साठ माणसांचा फरक आहे, आणि तो इतकी वर्षं सस्पेन्स खात्यात पडून आहे. कारण त्या सकाळी बोटीवर नेमकी किती माणसं चढली याची मेळ घालता येईल अशी नोंदच हाती लागली नाही. जागेला नंबर नाही, माणसाला नंबर नाही, पोरं तर मोजणीतच नाहीत. ज्या मोकळेपणाचं आपण एवढं कौतुक करतो, त्याची ही दुसरी बाजू.

आत्या तेव्हा तीन वर्षांची. तिला काही आठवत नाही. पण तिच्या आईला आठवत होतं. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा बोटीत चढली तेव्हा आधी लाल-पांढरी कडी किती टांगली आहेत ते मोजायची, मग पोरं मोजायची, आणि बोट सुटल्यावर पुन्हा एकदा पोरं मोजायची. आत्यानं ही मोजदाद आईकडून उचलली. रात्री पोरं झोपली की लुगड्याचा पदर धाकट्याच्या मनगटाला बांधायची आणि प्रत्येक बंदराला डोळे उघडून मोजायची. एक, दोन, तीन, चार. कंपनीनं न ठेवलेलं रजिस्टर ही बाई बोटांवर ठेवत होती. मराठीत बोट आणि बोट हे शब्द एकच का, याचं मला सापडलेलं हे एवढंच कारण.

पुढं रस्ते सुधारले, एस.टी. गावागावांत पोचली, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कोकणची बोट थांबली. १ मे १९९८ रोजी कोकण रेल्वे रीतसर देशाला अर्पण झाली. बोटीची सतरंजी रेल्वेच्या जनरल डब्यात गेली. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली. नाव कान्होजींचं, आणि आत पोहण्याचा तलाव. समुद्रात चाललेल्या बोटीत पोहण्याचा तलाव म्हणजे लग्नाच्या पंगतीत डबा नेण्यासारखं झालं. दोन वर्षांत महामारी आली आणि ती थांबली. २०२१ पासून दुसऱ्या मोठ्या क्रूझ आल्या. आता बोटीनं कुणी कुठं जात नाही. बोटीवरच जातात आणि बोटीवरूनच परत येतात.

आम्हीही गेलो. सौ., मी, दोन पोरं. बँकेत प्रवास-सवलतीला एल.एफ.सी. म्हणतात, ती किलोमीटरवर मिळते आणि समुद्र नॉटिकल मैलांत असतो. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, हे मी आमच्या साहेबांना कागदावर करून दाखवलं. साहेबांनी तो कागद जपून ठेवला, मंजूर केला नाही.

केबिन आम्ही घेतली ती सर्वांत स्वस्त, आतली. हिला खिडकी नसते. खिडकीच्या जागी आरसा असतो. सावरकरांची आठवण काढून तिकडं पाहावं तर पोट सुटलेला कारकून दिसतो. दिवा मालवला की सकाळ आहे की रात्र हे घड्याळालाच विचारायचं. पोरांचे बिछाने छतातून खाली उतरतात. संडासाची कळ दाबली की अशी गर्जना होते की धाकट्यानं पहिल्या दिवशी दार उघडं ठेवूनच ती दाबली, धावायला बरं म्हणून. संध्याकाळी परत आलो तर पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. सौ.नं तो दोन दिवस मोडू दिला नाही. आम्ही चौघांनी उरलेल्या एका टॉवेलवर अंग पुसलं.

पण मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट यातली नाही. बोट सुटायच्या आधी भोंगा झाला. सात आखूड, एक लांब. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, जॅकेट कसं घालायचं ते पाहायचं आणि आपलं कार्ड यंत्राला लावायचं. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर जगानं नियम केले, २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाल्यावर ते आणखी कडक केले. त्यातलाच हा नियम. लोक कंटाळलेले. कुणी फोटो काढतंय, कुणी जेवणाची वेळ विचारतंय. आमच्या गटात एक माणूस कमी भरला. पंधरा मिनिटं सगळ्यांना उभं ठेवलं. शेवटी एक आजोबा केबिनीत झोपलेले सापडले, त्यांना आणलं, त्यांचं कार्ड टिंग झालं, आणि मग सोडलं. लोक चिडले होते. मी मात्र खूश. हजार-दीड हजार माणसांची टॅली डोळ्यांदेखत लागली होती, आणि एकही माणूस सस्पेन्सला नव्हता.

त्या रात्री केबिनीत गुदमरायला लागलं म्हणून आम्ही चादर घेऊन वरच्या डेकवर गेलो. तर तिथं आधीच चारपाच कुटुंबं. कुणी डोंबिवलीचं, कुणी मुलुंडचं. एका काकूंनी पर्समधून चिवड्याची पुडी काढली. बाहेरचं खाणं आणायला बंदी होती. काकूंच्या चेहऱ्यावरून ती बंदी चिवड्याला लागू नसावी. "तुम्ही मूळचे कुठले?" त्यांनी विचारलं. मी देवगड म्हटल्याबरोबर त्यांनी बूड सरकवून जागा केली. त्या कुणकेश्वरच्या निघाल्या. तोवर आमच्या केबिनीच्या शेजारी कोण राहतं हे आम्हाला कळलं नव्हतं, आणि उतरेपर्यंतही कळलं नाही. डावीकडून दोन दिवस नुसतं खोकणं ऐकू येत होतं.

परत आल्यावर घाटकोपरला गेलो. आत्याला सगळं सांगितलं. तलाव, नाटकगृह, पाच ठिकाणची जेवणं, टॉवेलचा हत्ती. ती ऐकत होती. भोंग्याची आणि कार्डाची हकिकत सांगितली तेव्हा तिनं मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावली. यंत्र कसं, टिंग कसं, आजोबांना कसं शोधलं. मग म्हणाली, "म्हणजे एक म्हातारो कमी होतो, तर बोट सोडूक नाय?"

"नाही सोडली."

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग उठली आणि चहा ठेवायला गेली. आतून कपांचा आवाज आला. एक, दोन, तीन, चार, पाच. ती मोजून काढत होती.